वीस टक्क्यांच्या आतला पाय

३ डिसेंबर

सारिका काल बुलढाण्याहून आली ती ही डायरी घेऊन. एरवी आईसाठी काहीतरी आणते, या वेळी माझ्यासाठी.

"बाबा, रोज लिवायचं. पाय कसा होता, काय जमलं, काय नाई जमलं. नाईतं बोर्डापुढं डॉक्टरनं विचारलं की तुमी म्हनसान, सगळं ठीक हाये."

"ठीक असलं तं ठीकच म्हनीन ना."

"म्हनूनच लिवा," ती म्हणाली.

पोरगी तिथल्या एका दवाखान्यात नर्स आहे, त्यामुळे हुकूम सोडायची सवय. मी फौजेतून हवालदार होऊन निघालो, घरात हवालदार दुसरीच आहे.

तर आधी हकिकत लिहून ठेवतो. माझ्या डाव्या पायाची पुढची तीन बोटं नाहीत. वरच्या चौकीवर बर्फात गेली. उजव्या पायाची आहेत, पण असून नसल्यासारखी. टोचलेलं, भाजलेलं त्यांना कळत नाही. निवृत्त होताना मेडिकल बोर्ड झालं, त्यात माझं अपंगत्व लिहिलं 'वीस टक्क्यांपेक्षा कमी'. वीसच्या आत असलं की अपंगत्वाची पेन्शन बसत नाही. मी सही केली आणि अमडापूरला घरी आलो. पुढे सारिका नोकरीला लागली, तिने तो कागद पाहिला आणि तिचं डोकंच फिरलं. वकील तिनेच गाठला, लष्करी न्यायाधिकरणात अर्ज तिनेच टाकायला लावला. आता तिथून आदेश आलाय की या माणसाचं बोर्ड पुन्हा करा. तारीख यायची आहे.

आजचं: पाय ठीक. न जमलेलं काही नाही.

६ डिसेंबर

चैत्यभूमीला न जाऊ शकलेल्या सगळ्यांसोबत सकाळी लवकर विहारात अभिवादन. मग मैदानावर उशिरा गेलो.

मैदान शाळेच्या मागे आहे. आर्मी आणि पोलीस भरतीसाठी गावातली आणि आजूबाजूच्या खेड्यांतली पोरं-पोरी तिथे येतात, मी त्यांना तयार करतो. फी घेत नाही. मला सर म्हणतात. मी मोटारसायकल कडेला लावतो आणि तिला टेकून शिटी वाजवतो. तिथून सगळं मैदान दिसतं. एकदा एका पोराने विचारलं होतं, सर तुम्ही का नाही पळत. म्हटलं, उस्ताद पळत नसतो, पळवतो. तेव्हापासून कोणी विचारलं नाही.

या वर्षीच्या बॅचमध्ये काजल सगळ्यांत पुढची. बाप नाही. आई विमलबाई रोजाने जाते. मामाने एक स्थळ आणून ठेवलंय, पण आईने सांगितलंय की ही पोलीस भरती होऊ दे, मग बोलू. म्हणजे या भरतीत निघाली तरच पोरगी त्या लग्नातून सुटली. मी पोरांना एकच गोष्ट सांगतो, दुखणं हे डोक्यात असतं, पायात नसतं. काजलला ते लवकर कळलं.

पाय ठीक.

१८ डिसेंबर

बायकोला, चांगुणाला, घेऊन बुलढाण्याला वकिलांकडे गेलो. बोर्डाची तारीख आली, १२ मार्च, कामठीच्या मिलिटरी हॉस्पिटलला.

वकील कागद चाळत म्हणाले, "हवालदारसाहेब, मागच्या बोर्डाने लिहिलंय, 'चाल सामान्य'. तुम्ही त्यांना चालून दाखवलं होतं?"

"दाखवलं होतं."

"कसं?"

मी उठलो आणि दारापासून त्यांच्या कपाटापर्यंत चाललो. छाती पुढे, नजर समोर. वळून परत आलो. वकिलांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"या वेळी असं चालू नका."

मला राग आला. म्हटलं, "साहेब, मी नाटक करणार नाही. लंगडून दाखवायला मी भिकारी नाही."

"नाटक करू नका, एवढंच सांगतोय मी," ते म्हणाले.

काय बोलायचं होतं त्यांना, कोण जाणे. शिकलेल्या माणसाची कोडी.

परतीच्या एसटीत चांगुणाने तिकिटं पदराला बांधली. मग म्हणाली, "वीस टक्के म्हंजे किती दुखते वो? कोन मोजते ते?"

म्हटलं, डॉक्टर मोजतात.

"थ्याईले कसं समजते?"

चिखली आलं, गर्दी चढली, विषय राहिला.

२७ डिसेंबर

थंडी पडली. अशा दिवसांत नसलेल्या बोटांना आग होते. हे कोणाला सांगितलं तर हसतील, पण होते. जी नाहीत तीच जास्त बोलतात.

सारिकाने फोनवर विचारलं, लिहिताय ना. हो म्हटलं. म्हणाली, बर्फात काय झालं तेही लिहा. त्यात लिहिण्यासारखं काय? चौकीवर वादळ लागलं, बदलीची तुकडी वर येऊ शकली नाही, होते तेवढ्यांनी पहारा ओढला. माझ्या बुटात ओल शिरली होती. पहिल्या दिवशी बोटं दुखली, मग दुखायची थांबली. मला वाटलं, बरी झाली. खाली उतरवल्यावर डॉक्टर म्हणाले, एक दिवस आधी सांगितलं असतं तर वाचली असती. पण सांगायचं कोणाला? एका माणसाला खाली न्यायला चार माणसं लागली असती, मग चौकी कोणी धरली असती? अडचण समजून घ्यायला डॉक्टर वर नव्हते. मी आजही तसंच करीन.

गरम पाण्याचं काहीतरी झालं, उजव्या पायावर फोड आलाय. नुसता फोड. बाकी पाय ठीक.

६ जानेवारी

चांगुणाचा भाऊ आला होता, देऊळगाव राजाहून. घरी नातवाचं बारसं आहे, ताईला चार दिवस पाठवा म्हणाला. मी म्हटलं, जा की. चांगुणा नाही म्हणाली. सकाळी जाऊन संध्याकाळी परत येईन, राहणार नाही. भाऊ नाराज होऊन गेला. बाईमाणसाला वयाप्रमाणे माहेरची ओढ कमी होत असावी. हिची तर पार गेली. मी निवृत्त होऊन आल्यापासून एक रात्र तिकडे राहिल्याचं आठवत नाही.

काजल आठशे मीटर चांगली काढते आहे, पण शेवटच्या फेरीत उजवा पाय किंचित ओढते. जवळ बोलावलं.

"काय झालं काजल?"

"काई नाई सर."

"दुखते?"

"नाई सर."

शाबास म्हटलं. सगळ्यांना थांबवून सांगितलं, ही पहा, हिच्याकडून शिका.

१९ जानेवारी

पाय ठीक.

३० जानेवारी

भरतीची तारीख लागली, २४ फेब्रुवारी, बुलढाण्याला पोलीस मैदानावर. आपल्या बॅचच्या पाच पोरींचं ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणी, एकाच दिवशी आहे. सराव वाढवला. त्यांच्यातली पूनम म्हणाली, "सर, काजलले दोन दिस सुट्टी द्या ना." मी विचारलं, काऊन? तिने काजलकडे पाहिलं. काजलच म्हणाली, "नको सर, मी पळतो." सुट्टी दिली नाही. शेवटचे दिवस ढिलाईचे नसतात.

सकाळी उठल्यावर पहिली काही पावलं जरा जड जातात. पण ती कोणालाही जातात या वयात.

२४ फेब्रुवारी

कसं लिहू.

पोरी आत गेल्या. बाहेरच्यांना जाळीपाशी थांबवलं होतं. मी, विमलबाई, आणखी काही जणींचे आईबाप. काजलची आठशेची बारी आली. पहिल्या फेरीला दुसरी होती, दुसऱ्या फेरीला पुढे निघाली. विमलबाईंनी जाळी दोन्ही हातांनी धरली होती. मी मनातल्या मनात शिटी वाजवत होतो.

शेवटच्या वळणावर तिचा उजवा पाय टेकला आणि आतल्या आत मोडला. तसंच दिसलं. तोंडावर आपटली. उठायला गेली, परत बसली. बाकीच्या पोरी तिच्या बाजूने निघून गेल्या. तरी ती हातांवर जोर देऊन पुढे सरकत होती, रेघेकडे. कोणीतरी शिटी मारून थांबा म्हणत होतं, ती थांबत नव्हती.

मी पळालो. म्हणजे पळायचं डोक्यात आलं आणि शरीर निघालं. गेट जाळीच्या पार टोकाला. उजवा पाय कुठे पडतोय ते कळत नव्हतं, डाव्याला रेटा द्यायला पुढे काही नाही. गेट यायच्या आत मी मातीत पडलो. बूट निघून बाजूला गेला, बोटांच्या जागी भरलेला कापूस बाहेर आला. सगळ्या लोकांसमोर.

पूनम तिचं ग्राउंड आटोपून बाहेर आली होती. ती आणि आणखी एक पोरगी धावत आली. "सर, हात द्या." एकीने बूट उचलला, कापूस आत घातला आणि माझ्यापुढे धरला, जशी रोजचीच गोष्ट. दोघींपैकी कोणीही पायाकडे टक लावून पाहिलं नाही. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. आता लिहिताना वाटतंय.

काजलला सरकारी दवाखान्यात नेलं. नडगीचं हाड तुटलं. डॉक्टर म्हणाले, बारीक चीर आधीपासून होती, महिना-दोन महिन्यांची. त्या हाडावर ती रोज पळत होती.

२५ फेब्रुवारी

मैदानावर गेलो नाही.

२८ फेब्रुवारी

आजही जाणार नव्हतो, चांगुणाने काजलच्या घरी पाठवलं. "जा. तुमचीच पोरगी हाये ते."

काजल खाटेवर, पाय प्लास्टरमध्ये. विमलबाईंनी चहा टाकला. मला वाटलं होतं बोलतील, भांडतील. त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमी मनाले लावून घेऊ नका. तिनं सांगतलंच नाई कोनाले, तं तुमाले कसं समजनार?" बोलणी खाल्ली असती तर बरं झालं असतं.

विमलबाई बाहेर गेल्यावर मी काजलला विचारलं, "कधीपासून दुखत होतं?"

"डिसेंबरपासून सर."

"मग सांगितलं काऊन नाही? मी विचारलं होतं ना तुले?"

ती चादरीची दशी ओढत राहिली. मग म्हणाली, "सर, राग नाई ना येनार?"

"नाही."

"आमाले माहीत हाये सर. तुमच्या पायाचं. सगळ्याईले माहीत हाये. तुमी गाडीले टेकल्याबिगर उभे नाई राहत. वळता तवा आधी हँडल धरता. जुन्या बॅचच्या पोरी नव्या पोरीले पयल्या दिशीच सांगून ठेवतात, सरले पायाचं विचाराचं नाई." पुढे म्हणाली, "मले रोज वाटे, आता सांगू. मंग तुमच्याकडं पाहो. मनात ये, सर इतल्या वर्साचे बोलले नाई, मी काऊन बोलू?"

तिच्या डोक्यावर हात ठेवून निघालो. घरी पोहोचल्यावर गाडी स्टँडवर लावायला बराच वेळ लागला.

२ मार्च

या वहीची मागची पानं वाचली. 'पाय ठीक', 'पाय ठीक'. ज्याने लिहिलं त्याला बोलावून विचारावंसं वाटलं, कोणाला फसवतोयस बे?

सारिकाने लिहायला सांगितलेलं हे नव्हतं. तिला काही बोललो नाही. पण आता खरं लिहायला बसलो तर लिहिता येईना. काय दुखतं? किती दुखतं? किती चालता येतं? मला खरोखर माहीत नाही. इतकी वर्षं तिकडे लक्ष जाऊ दिलं नाही, तर आता अचानक कसं सांगू?

११ मार्च

खामगाव, तिथून शेगाव, तिथून रेल्वेने नागपूर, मग कामठी. चांगुणा सोबत. उद्या बोर्ड. इथे धर्मशाळेत जागा मिळाली. शेजारच्या खोलीत पंजाबकडचा एक जुना जवान आहे, त्याचं बोर्ड गुडघ्याचं. मला म्हणाला, हवालदार, उनको दर्द दिखाना पड़ता है, बताने से नहीं होता. मी म्हटलं, भाऊ, मला दाखवताही येत नाही आणि सांगताही येत नाही.

१२ मार्च

झालं. जसं झालं तसं लिहितो.

तीन डॉक्टर. मधल्या मेजरबाई, सारिकापेक्षा थोड्या मोठ्या असतील. "हवालदार किसन तायडे?" मी सॅल्यूट ठोकला. हात आपोआप गेला. त्या हसल्या, बसा म्हणाल्या. बूट-मोजे काढायला लावले, बोटांच्या जागा पाहिल्या, सुईने टोचून पाहिलं, कुठे कळतंय ते विचारलं. मग म्हणाल्या, "ज़रा चलके दिखाइए."

मी उभा राहिलो. लादी थंड होती. आणि शरीर आपोआप ताठ झालं. छाती पुढे, नजर समोर, हात सरळ. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. मला माहीत होतं की असाच चाललो तर भिंतीपर्यंत जाईन, वळेन, परत येईन, आणि त्या लिहितील, चाल सामान्य. थांबलो.

"क्या हुआ?"

म्हटलं, "मैडम, मैं ऐसे नहीं चलता."

"तो कैसे चलते हैं?"

"वो मेरे को नहीं मालूम. मेरी वाइफ को मालूम है. बाहर बैठी है."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. एक डॉक्टर म्हणाले, असं चालत नाही. मेजरबाई म्हणाल्या, बुला लो.

चांगुणा आत आली, पदर सारखा करून दाराशी उभी राहिली. तिला हिंदी कळते, बोलता येत नाही. म्हणून तिने सांगायचं आणि मी त्याची हिंदी करून डॉक्टरांना सांगायचं, असं ठरलं.

मेजरबाईंनी विचारलं, सकाळी उठल्यावर हे कसे चालतात?

"चालत नाई," चांगुणा म्हणाली. "आधी खाटेवर बसून पायाकडं पाहत राह्यते. मंग माहा खांदा धरते. भिताडाले धरून न्हानीपोत जाते. तोंडानं आवाज करते, थ्याईचं थ्याईलेच समजत नाई."

मी हिंदी केली. आवाजाचं मला माहीत नव्हतं. मी विचारलं, "कसला आवाज?"

"लेकराचा असते तसा," ती म्हणाली. हे हिंदीत सांगताना मी थोडा अडखळलो.

मग ती थांबलीच नाही. पाणी गरम आहे की गार हे यांच्या पायाला कळत नाही, म्हणून बादलीत आधी मी कोपर घालते. मोटारसायकलवरून उतरायचं असलं की ओट्याला लावतात, सपाट जागी उतरता येत नाही. लग्नात पंगतीला बसत नाहीत, उठता येत नाही म्हणून. लोकांना सांगतात, भूक नाही. मागे बाभळीचा काटा टाचेत मोडला, पिकला, मला वास आला तेव्हा कळलं. तेव्हापासून रोज बूट झटकून, आत हात फिरवून मी ठेवते आणि झोपायच्या आधी दोन्ही तळवे पाहते.

मी एक एक वाक्य हिंदीत सांगत होतो. दुसऱ्या कोणा माणसाची केस सांगतोय असं वाटत होतं. वाटायचं, बिचारा फार त्रासात आहे.

शेवटी मेजरबाईंनी विचारलं, हे सगळं करायला दुसरं कोणी आहे का घरी?

"पोरगी बुलढान्याले असते. मीच हाये. म्हनून मी कुठं राहत नाई. भाऊ बलावते, पन राती याईचे पाय कोन पाहीन?"

याची हिंदी मला करता आली नाही. मी तिच्याकडे पाहत राहिलो. ती आपली साधं बोलून गेली होती, तिचं माझ्याकडे लक्षही नव्हतं. मेजरबाई म्हणाल्या, "रहने दीजिए, समझ में आ गया."

मग त्या म्हणाल्या, आता चला, सकाळी चालता तसं. मी चांगुणाच्या खांद्यावर हात ठेवला आणि भिंतीपर्यंत चाललो. दूर होतं. परत यायला बराच वेळ लागला. कोणी घाई केली नाही.

या वहीबद्दल कोणी विचारलं नाही. पिशवीतच राहिली.

१३ मार्च

परतीच्या रेल्वेत चांगुणाला विचारलं, "मला का नाही सांगितलंस कधी?"

"काय सांगू?"

"हेच. माहेरी का राहत नाहीस ते."

ती खिडकीतून बाहेर पाहत होती. म्हणाली, "तुमी सदा ठीक हाये म्हनता. मंग मी काय म्हनू?"

काजलही हेच म्हणाली होती, वेगळ्या शब्दांत.

२० मार्च

मैदानावर गेलो. पोरं-पोरी रांगेत उभ्या होत्या. मी गाडीवरून ओट्यापाशी उतरलो, जसा उतरतो, आणि त्यांच्यासमोर ओट्यावरच बसलो. बूट काढले. मोजे काढले. पाय दाखवला. काय झालं होतं ते सांगितलं, एक दिवस आधी बोललो असतो तर बोटं वाचली असती, हे डॉक्टरांचं बोलणंही सांगितलं. पोरं खाली पाहत होती. मी म्हटलं, मी तुम्हाला एक चुकीचं शिकवलं. दुखणं पायातच असतं. आजपासून ज्याला दुखतं त्याने हात वर करायचा.

कोणीही हात वर केला नाही. वाट पाहिली. शेवटी 'चला' म्हटलं आणि ते पळायला गेले. इतकी वर्षं शिकवलेलं एका सकाळी कसं पुसलं जाईल.

८ एप्रिल

चांगुणा परवा देऊळगाव राजाला गेली. चार दिवस राहणार आहे. जाताना एसटीच्या दारातून तीनदा सांगितलं, बुटात हात घालून पाहा, पाणी कोपराने पाहा, तळवे आरशात पाहा. मी हो हो म्हटलं.

पहिल्या दिवशी आरशात स्वतःचे तळवे पाहिले. बऱ्याच वर्षांनी भेट झाली म्हणायची. एका जागी चिरा पडल्यात, तिथे मलम लावलं. सकाळी उठल्यावर कान देऊन ऐकलं. होतो आवाज. तिने सांगितला तसाच.

आजचं: डावा पाय सकाळी जास्त, दुपारी कमी. उजव्याची टाच सुजली आहे. पाण्याच्या टाकीपर्यंत गेलो, परत येताना दोनदा बसावं लागलं.

२ जून

निकाल आला. सारिकाने मोबाईलवर वाचून दाखवला. अपंगत्व तीस टक्के, फौजेतल्या नोकरीमुळेच झालेलं, कायमचं. वकिलांचा फोन आला, म्हणाले नियमाप्रमाणे तीसचे पन्नास धरायला हवेत, त्याचा अर्ज टाकतो.

चांगुणा म्हणाली, "पाय थोच, अन् तीसचे पन्नास कसे?"

सारिका हसायला लागली. मग रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं. मला वाटलं होतं की आकडा ऐकून काहीतरी होईल, छातीवरचं ओझं उतरल्यासारखं. तसं विशेष झालं नाही. जे व्हायचं ते कामठीला भिंतीपाशी होऊन गेलं होतं. पण कागद बरा वाटला. त्यात लिहिलंय की हे खरं आहे.

संध्याकाळी विमलबाई पेढे घेऊन आल्या. मी म्हटलं, पेढे आम्ही द्यायचे. त्या म्हणाल्या, मामाने आणलेल्या स्थळाला काजलने तोंडावर नाही सांगितलं, आणि मीही तिच्या बाजूने उभी राहिले, त्याचे आहेत. पुढच्या भरतीपर्यंत थांबायचं ठरलंय.

१० जुलै

काजलला डॉक्टरांनी हळू पळायची परवानगी दिली, हा दुसरा आठवडा. शाळेने मला एक जुना बाक दिलाय. आता मी मैदानाच्या कडेला बाकावर बसतो.

आज पहिली फेरी ती नीट पळाली. बाकीच्या पोरी पुढे निघून गेल्या तरी तिने वेग वाढवला नाही. दुसऱ्या फेरीत अर्ध्यावर आली, सगळे पाहत असताना थांबली, आणि हात वर केला. मग हात तसाच वर ठेवून मैदान ओलांडून चालत माझ्याकडे आली.

"दुखून राह्यलं सर. थोडंसं."

"कुठं?"

तिने नडगीवर बोट ठेवून दाखवलं. मी म्हटलं, "बस."

ती बाकावर माझ्या शेजारी बसली, बुटाची नाडी सैल केली. पूनम आणि बाकीच्या समोरून पळत गेल्या. त्यांच्यातली एक किंचित लंगडत होती, तीही पळणं थांबवून चालायला लागली, हे आम्ही दोघांनी पाहिलं.

थोड्या वेळाने काजलने विचारलं, "अन् तुमचं सर? आज कसं हाये?"

मी तोंड उघडलं, नेहमीचं उत्तर जिभेवर आलंच होतं.

"आज जास्त हाये," मी म्हणालो.

ती बाकाच्या टोकाला सरकली आणि मला पाय वर घ्यायला जागा करून दिली.